सैनिकी पेन्शनच्या जुन्या कागदांवरून घराण्याचा माग: पेडणे, सत्तरी, डिचोली आणि सीमेपलीकडचे

कागदपत्री

पेन्शनचा कागद हिशेबनिसाने लिहिलेला असतो, हे डोक्यात ठेवून शोधाला बसावे. पैसे कोणाला, किती, कधीपासून, कुठल्या तिजोरीतून आणि कोण मेल्यावर कोणाला, एवढेच त्याला हवे असते. माणूस कुठल्या लढाईत होता हे त्यात बहुधा सापडत नाही. उलट बायकोचे नाव, बापाचे नाव, गाव, अंगावरची खूण, अंगठा आणि मृत्यूची तारीख या गोष्टी पदकांच्या यादीत नसतात, त्या इथे मिळतात. घराण्याचा शोध घेणाऱ्याला हेच हवे असते.

गोव्यातल्या घरात 'आजोबा मिलिटरीत होते' एवढेच ठाऊक असेल, तर आधी कुणाच्या मिलिटरीत ते ठरवा. पोर्तुगीजांच्या फौजेत असतील तर कागद पणजी आणि लिस्बनला. ब्रिटिश हिंदी सैन्यात असतील तर त्या त्या पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात. सावंतवाडीसारख्या संस्थानाच्या चाकरीत असतील तर मोडीतल्या दफ्तरात. १९६१ नंतर भारतीय सैन्यात गेले असतील तर काम सर्वात सोपे.

घरात शोधताना फ्रेम केलेला फोटो आणि पदक यांच्यावर थांबू नका. पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते, ती भिंगाने वाचा. मग ट्रंकेच्या तळाशी पेन्शनचे पुस्तक किंवा पीपीओ (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन देण्याचा हुकूम) शोधा. पीपीओचे दोन भाग असतात. एक पेन्शनरकडे राहतो, दुसरा पैसे देणाऱ्या कचेरीकडे. हप्ते, बदली आणि शेवटी मृत्यू यांच्या नोंदी कचेरीकडच्या भागावर होतात. घरातला भाग कोरा दिसला तर निराश होऊ नका, भरलेला भाग दुसरीकडे असतो.

१९४७ आधीच्या कागदावर लाहोरचा शिक्का असेल तर दचकू नये. सैनिकी पेन्शनचे हिशेब तेव्हा लाहोरहून चालत, फाळणीनंतर ते कार्यालय अलाहाबादला आले. आजचे प्रयागराजचे मुख्य पेन्शन कार्यालय ते हेच. नौदलाचे पेन्शन मुंबईहून आणि हवाई दलाचे दिल्लीतल्या सुब्रतो पार्कहून मंजूर होत आले आहे, त्यामुळे तिन्ही दलांसाठी एकाच ठिकाणी पत्र लिहून उपयोग नाही.

तेरेखोल

चांगला धागा. गावाच्या पत्त्याबद्दल थोडी भर घालतो, कारण निम्मे शोध तिथेच बुडतात.

पेडणे, डिचोली, सत्तरीतली माणसे सीमा ओलांडून भरती झाली तर कागदावरचा पत्ता गोव्याचाच असेल असे धरू नका. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग, खानापूर इथल्या नातेवाइकाचा पत्ता असू शकतो. म्हणून फक्त 'गोवा' शोधून थांबू नये, सोयरिकीची गावेही घालून पाहावीत.

आता जिल्हा. सावंतवाडी हे १९४८ पर्यंत संस्थान होते, मग रत्नागिरी जिल्ह्यात गेले, आणि सिंधुदुर्ग जिल्हा झाला १ मे १९८१ ला. त्याआधीच्या कागदात सिंधुदुर्ग शोधाल तर काही मिळणार नाही. चंदगड १९५६ पर्यंत बेळगावात, नंतर कोल्हापुरात. पत्र लिहिताना भरतीच्या वेळचा तालुका-जिल्हा आधी लिहा आणि आजचा त्याच्याखाली.

गोव्यात राहून पलीकडच्या मामलेदार कचेरीतून पेन्शन घेणाऱ्यांबाबत आणखी एक गोष्ट. १९५४-५५ च्या आर्थिक नाकेबंदीत सीमेवरची ये-जा आणि पैशांची देवघेव तुटली होती. हप्त्यांच्या नोंदी त्या सुमारास थांबल्या म्हणजे माणूस वारला असे गृहीत धरू नका. मुक्तीनंतरच्या नोंदी पाहिल्याशिवाय मृत्यूचे साल लिहू नये.

म्हादई

कागदपत्री, एक शंका. एका जुन्या डिस्चार्ज सर्टिफिकेटवर '११० वी मराठा' आणि नावाआधी 'नाईक' असे आहे. घरचे आडनाव नाईक नाही. आणि ११० नंबरची मराठा पलटण आज कुठेच दिसत नाही. हा कागद दुसऱ्या कुणाचा असेल का?

पलटणवाला

@म्हादई, कागद बहुधा बरोबर आहे. दोन्ही अडचणी नेहमीच्या.

'नाईक' इथे हुद्दा आहे. लान्स नाईक, नाईक, हवालदार, जमादार, सुभेदार अशी चढण. गोव्यात मात्र नाईक, हवालदार, सुभेदार ही आडनावेही आहेत, त्यामुळे नोंदी उतरवून घेणाऱ्यांनी कित्येकदा हुद्दा आडनावात ढकललेला असतो. शोधताना नाव दोन्ही तऱ्हांनी टाकावे. 'जमादार' म्हणजे झाडूकाम करणारा असा अर्थ सैन्याच्या कागदात घेऊ नका. तो अधिकारी वर्गातला हुद्दा होता, १९६५ पासून त्याला नायब सुभेदार म्हणतात.

पलटणीचा नंबर १९२२ ला बदलला. सगळ्या मराठा पलटणी मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली. १०३ वी तिची पहिली बटालियन झाली, १०५ वी दुसरी, ११० वी तिसरी, ११६ वी चौथी, ११७ वी पाचवी, आणि ११४ वी दहावी म्हणजे प्रशिक्षणाची. तुमची ११० वी म्हणजे ही तिसरी बटालियन, कागदात ३/५ (पाचव्या रेजिमेंटची तिसरी). तीच पुढे १९५२ ला पॅराशूट रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली, म्हणून मराठा पलटणींत ती आज दिसत नाही. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी आजच्या इराकमधल्या कुत-अल-अमाराच्या वेढ्यात होत्या (डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६). सर्टिफिकेटवर १९१६ नंतर दोन-अडीच वर्षे कोरी असतील तर तुर्कांच्या कैदेची शक्यता तपासा.

१११ नंबर दिसला तर ते महार पलटणीचे. ती १९१७ ला उभी राहिली आणि युद्धानंतर मोडली. आजची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ ला बेळगावात उभारली गेली, तिचे रेकॉर्ड ऑफिस मध्य प्रदेशात सागरला आहे. दोन्ही एकच समजून पत्रे पाठवणारे पुष्कळ असतात.

सैनिकाचा नंबर देशभरात एकमेव नसे, प्रत्येक पलटणीचे आकडे वेगळे. म्हणजे २१४७ नंबरचे दहा शिपाई असू शकतात. नंबर, पलटण आणि बापाचे नाव या तिन्ही गोष्टी जुळल्याशिवाय आपला माणूस सापडला म्हणू नये. परब, सावंत, राणे, गावडे या आडनावांची तर प्रत्येक यादीत रांग असते.

मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, गोव्यातून चोर्ला घाटाने सकाळी निघून संध्याकाळी परत येता येते. पण आधी पत्र, मग फेरी. बॉम्बे सॅपर्सचे खडकी, तोफखान्याचे नाशिक रोड, सिग्नल्सचे जबलपूर, ईएमईचे (सैन्याच्या यंत्रदुरुस्ती विभागाचे) सिकंदराबाद, मेडिकल कोरचे लखनौ, आणि नौदलाच्या खलाशांचे मुंबईत मानखुर्दला.

कागदपत्री

पलटणवाल्यांनी मुद्द्याचे सांगितले. रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहिताना 'संपूर्ण माहिती मिळावी' असे लिहू नका. त्याला 'रेकॉर्ड उपलब्ध नाही' हे एका ओळीचे उत्तर ठरलेले.

ज्याला पेन्शन लागू नव्हती त्याची शीट रोल (त्या एका सैनिकाची सेवानोंद) आणि सेवेचे कागद ठरावीक मुदतीनंतर, साधारण २५ वर्षांनी, नियमाप्रमाणे नष्ट करतात. लाँग रोल मात्र कायम ठेवतात. तो म्हणजे पलटणीचा मोठा हजेरीपट. नंबर, नाव, बापाचे नाव, गाव, भरतीची तारीख, सेवा संपल्याची तारीख आणि कारण एवढे त्यात असते. म्हणून पत्रात नेमके 'लाँग रोलचा उतारा' मागा. शीट रोल मिळाली तर सोने, पण विनंतीचा आधार लाँग रोल असू द्या.

त्याचबरोबर 'पार्ट टू ऑर्डर' मागा. लग्न, मुलाचा जन्म, बायकोच्या नावातला बदल हे सगळे पलटणीत त्या ऑर्डरने चढत असे. सुटीवर येऊन लग्न करून गेला आणि ऑर्डर निघाली नाही, तर सैन्याच्या लेखी तो अविवाहितच. वारसांचे दावे अडतात ते बहुतेक इथेच, आणि वंशावळीत 'निपुत्रिक' लिहिलेल्या कित्येक माणसांचे कारणही हेच असू शकते.

पत्रात काय घालावे: नंबर, हुद्दा, नाव, बापाचे नाव, भरतीच्या वेळचे गाव-तालुका-जिल्हा, भरतीचे आणि सुटण्याचे अंदाजे साल, असल्यास पीपीओ नंबर, आणि तुमचे नाते सिद्ध करणारे दाखले. माहिती अधिकारात अर्ज केलात (शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस) तरी नात्याचा पुरावा जोडाच. नाहीतर 'त्रयस्थ व्यक्तीची वैयक्तिक माहिती' म्हणून परत येतो.

सैनिकी पीपीओ नंबराआधी एस असेल तर सेवा पेन्शन, डी असेल तर अपंगत्वाची, एफ असेल तर कुटुंबाची. एफवाला कागद सापडला तर आधी तोच वाचा, त्यात विधवेचे नाव असते.

मोडीबाज

माझा प्रांत सत्तरी-सावंतवाडीकडची जुनी दफ्तरे. मोडी येणारे लोकही इथे तारखेवर आपटतात.

शके असेल तर ७८ मिळवा (पौष-माघ-फाल्गुनात पडलेल्या जानेवारी ते मार्चच्या तारखांना ७९). दक्षिणी फसली (महसुली साल) असेल तर ५९०, जानेवारी ते मे मध्ये ५९१. सुहूर सन असेल तर ५९९, आणि जानेवारी ते मे मध्ये ६००. फसली आणि सुहूर दोन्ही मृगाला, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतात. सुहूर आकड्यात न लिहिता अरबी शब्दांत लिहीत. 'सन इसन्ने सबैन मया व अलफ' म्हणजे दोन, सत्तर, शंभर आणि हजार, मिळून ११७२. ५९९ मिळवले की १७७१. शब्द उलट्या क्रमाने, एकक आधी.

जुन्या काळी विधवेला किंवा मुलाला रोख पेन्शनऐवजी जमीन किंवा नेमणूक देत. तेव्हा 'पेन्शन' हा शब्द शोधू नका. 'नेमणूक', 'परवरीस', 'बालपरवेशी', 'इनाम' हे शब्द पाहा. लढाईत पडलेल्याच्या मुलाबाळांच्या पोटाची सोय म्हणजे बालपरवेशी. नाव मुलाचे आणि उचल करणारा चुलता, अशा नोंदी असतात. तिथे चुलत्याला बाप समजू नये.

फॉलिओ

आता पोर्तुगीज बाजू, कारण धाग्यात ती मागे राहिली आहे.

पणजीचे पुराभिलेख खाते हे भारतातल्या सर्वात जुन्या दफ्तरखान्यांपैकी, १५९५ पासूनचे. सैनिकांसाठी मात्र मी पहिल्यांदा सरकारी गॅझेट पाहायला सांगेन, म्हणजे १८३७ पासून निघालेले बोलेतीं. पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयात बसून वाचता येते. अधिकारी आणि खालचे हुद्देदार यांच्या बढत्या, निवृत्त्या, विधवांचे अर्ज त्यात येतात. साध्या शिपायाचे नाव क्वचित. त्यासाठी पलटणीची मात्रीकुल, म्हणजे नोंदणीपुस्तके. त्यात 'फिल्यु द' (अमक्याचा मुलगा) म्हणून आई-बाप, जन्मगाव आणि तालुका, उंची, डोळ्यांचा रंग, अंगावरच्या खुणा आणि भरतीपासून सुटेपर्यंतची नोंद असते.

अधिकाऱ्यांच्या वैयक्तिक फायली लिस्बनला, सांता अपोलोनियाजवळच्या लष्करी ऐतिहासिक पुराभिलेखात. वसाहत खात्याचा पत्रव्यवहार जुंकैराला, समुद्रपार प्रदेशांच्या पुराभिलेखात. लिस्बनला पत्र पोर्तुगीजमध्येच लिहा, चार ओळी पुरतात. नाव, हुद्दा, पलटण, सालांचा पल्ला.

वाचताना चकवणारे शब्द: 'बाय्श' म्हणजे सेवेतून सुटका, ती मरण नव्हे. 'रिफॉर्मादु' म्हणजे निवृत्त, सुधारलेला नव्हे. आणि निवृत्त होताना बऱ्याचदा एक हुद्दा वर चढवत, त्यामुळे पेन्शनच्या यादीत कॅप्टन दिसणारा माणूस पलटणीत आयुष्यभर लेफ्टनंट असू शकतो. 'पेंसांव द सांग', शब्दशः रक्ताची पेन्शन, ही लढाईत मेलेल्याच्या घरच्यांची. हे दोन शब्द दिसले की पुढची पाने सावकाश वाचा, त्यात विधवा, मुले किंवा आई अशी नावे येतात.

महिन्याच्या खुणेत ७ चा आकडा आणि पुढे 'ब्रो' असेल तर तो सप्टेंबर. ८ ब्रो ऑक्टोबर, ९ ब्रो नोव्हेंबर, आणि रोमन दहा पुढे ब्रो म्हणजे डिसेंबर. ७ म्हणून जुलै लावून वंशावळी दोन महिने मागे गेलेल्या असतात.

नावांची लिहिणावळ वेगळी. श साठी एक्स, त्यामुळे शिरोडकर आणि शेट ही नावे एक्समध्ये शोधायची. के हे अक्षर जवळजवळ नाहीच. ई-एच्या आधी क्यू-यू, एरवी सी. केणी क्यूमध्ये, कामत सीमध्ये. शेणवी हे 'सिनाय', पै हे 'पोय', प्रभू हे 'पोरोबो', नाईक हे 'नायक' पण मध्ये क्यू-यू घालून. यादी इंग्रजी क्रमाने चाळणारा माणूस केंकऱ्यांना कधीच भेटत नाही.

रकमा: एक टांगा ६० रेइस, पाच टांग्यांचा अशरफी म्हणजे ३०० रेइस. पण रुपया १८७१ च्या आधी ६०० रेइसचा आणि नंतर ९६० चा. एकाच विधवेची पेन्शन आकड्यात घटलेली दिसली तर कपातीचा निष्कर्ष काढण्याआधी साल पाहा. शेवटच्या काळात एस्कुदो आला, सहा एस्कुदोंचा एक रुपया.

तेरेखोल

फॉलिओबाब, १८७१ ची दुसरी गोष्टही सांगायला हवी. त्या साली बंडाळीनंतर गोव्याची देशी फौज मोडली. त्यामुळे त्या सुमारास शेकडो नावे पुस्तकांतून एकदम नाहीशी होतात. आणि १८९५ ला मराठा शिपायांनी आफ्रिकेला जायला नकार देऊन सत्तरीत नाणूसच्या किल्ल्याचा रस्ता धरला, तेव्हाही. सत्तरीतल्या घराण्यांनी या दोन सालांपाशी 'पुढे नोंद नाही' दिसले तर थांबू नये.

फॉलिओ

बरोबर. १८९५ साठी सैनिकी पुस्तकांपेक्षा चौकशीचे आणि राजकीय पत्रव्यवहाराचे बाड पाहावे.

म्हादई

धन्यवाद सगळ्यांना. आता पुढचा प्रश्न. ११० व्या पलटणीतल्या त्या माणसाची बायको १९५० च्या दशकात जिवंत होती हे नक्की. तो पेन्शनर होता हेही नक्की. पण तिला पेन्शन मिळाल्याची नोंद कुठेच नाही.

पलटणवाला

नसणारच. घरी आजाराने किंवा म्हातारपणाने वारलेल्या पेन्शनरच्या विधवेला साधी कुटुंब पेन्शन सुरू झाली ती १ जानेवारी १९६४ पासूनच्या योजनेत. त्याआधी मिळे ती लढाईत किंवा सेवेमुळे मेलेल्याच्या घरच्यांना. १९५५ ला पेन्शनर वारला की त्याचे खाते बंद, कागदाचा प्रवास संपला. विधवा कागदावर नसण्याचा अर्थ विधवा नव्हती असा नाही.

पेन्शनच न मिळालेले सैनिक तर त्याहून जास्त. साध्या शिपायाला पेन्शनसाठी १५ वर्षे भरावी लागतात, पलटणीतली आणि राखीव दलातली मिळून चालतात. दुसऱ्या महायुद्धापुरते घेतलेले आणि १९४५-४७ ला घरी पाठवलेले हजारो लोक ग्रॅच्युइटी घेऊन सुटले. प्रयागराजला त्यांची फाईल कधीच उघडली नाही. त्यांच्यासाठी सैनिक कल्याण कार्यालय गाठा. महाराष्ट्रात महायुद्धातल्या बिनपेन्शनी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्य सरकार मानधन देते, त्या अर्जांत डिस्चार्जची नक्कल असते. सिंधुदुर्गात सोयरीक असेल तर तिथे पाहणे फुकट जात नाही.

युद्धात मेला असेल तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव टाका, फी नाही. हिंदी सैनिकांच्या पुष्कळ नोंदींत बापाचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा असतो. बसऱ्याच्या स्मारकाच्या भिंतीवर साध्या हिंदी शिपायांची नावे कोरलेली नाहीत, फक्त पलटणवार संख्या आहे. फोटो पाहून 'आमचा माणूस नाही' म्हणू नका, यादी पाहा. स्पेलिंग मात्र साहेबाच्या कानाने लिहिलेले असते, तेव्हा पलटण आणि गावावरून शोधा.

कागदपत्री

@म्हादई, विधवेचा माग आता सैन्याबाहेर काढावा लागेल. घर गोव्यात असेल तर आपली सोय चांगली आहे. १९१४ पासूनची नागरी नोंदणी तालुक्याला किंवा पुराभिलेखात मिळते, जन्म, लग्न, मृत्यू तिन्ही. त्यानंतर इन्व्हेंतार, म्हणजे कोर्टातली वारसा-वाटणीची फाईल पाहा. पेन्शनर वारल्यावर मिळकतीची वाटणी कोर्टात झाली असेल तर त्या फायलीत बायको, मुले, सुना, जावई सगळे वारस नावानिशी येतात. मिळकत लहान असेल तर नोटरीकडचे हबिलितासांव, म्हणजे वारसांचा दाखला. त्याच्या मागे जायचे तर देवस्थानच्या महाजनांची यादी. १८८६ च्या माझानियांच्या (देवस्थानच्या महाजन मंडळांच्या) नियमांनंतर महाजनांच्या नोंदवह्या रीतसर ठेवू लागले, पण त्यात महाजन घराणीच येतात, इतरांना तो रस्ता नाही.

वयाबाबत सावध. भरतीच्या कागदावर पुष्कळदा '१८ वर्षे' एवढेच असते आणि जन्मसाल वजाबाकीने काढलेले. १ जुलै ही जन्मतारीख दिसली तर ती साल माहीत असलेल्याला कचेरीने नियमाने लावलेली तारीख असू शकते. महिना माहीत असेल तर १६ तारीख लावतात.

मोडीबाज

थोडे विषयांतर, पण लोक गोंधळतात म्हणून. घरात 'पेन्शन' म्हणून ठेवलेला कागद स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शनचा असू शकतो. केंद्राची ती योजना १५ ऑगस्ट १९७२ पासूनची. ती सैनिकी पेन्शन नव्हे, त्यामुळे पलटणीला विचारून काही निघणार नाही. त्या अर्जाला तुरुंगवासाचा दाखला लागे, म्हणून त्याचा माग काढायचा तर पोर्तुगीज प्रादेशिक लष्करी न्यायालयाचे निकाल पाहावे लागतात.

फॉलिओ

हो, आणि त्या निकालांत आरोपीच्या आई-बापांची नावे, वय, धंदा आणि गाव आलेले असते. सैनिक आणि सत्याग्रही एकाच घरात असतील तर दोन्हीकडची आई-बापांची नावे ताडून पाहा. स्पेलिंग दोनदा दोन तऱ्हेने लिहिलेले असेल, पण उच्चार करून पाहिले की जुळते.

पलटणवाला

@म्हादई, बेळगावला पत्र पाठवताना पाकिटावर '३ मराठा' एवढेच लिहू नका. आत '११० वी, १९२२ नंतर ३/५' असे दोन्ही लिहा, डिस्चार्जच्या दोन्ही बाजूंची झेरॉक्स जोडा. मागच्या बाजूला अंगावरच्या खुणा आणि अंगठा असतो, लोक तीच बाजू विसरतात.